वरच्या खोलीतले पाच डाग

दार उघडल्या उघडल्या ताईंनी मला बजावलं, "मांजराचंच आहे. वरच्या खोलीत. तुम्ही शोधत वगैरे बसू नका मावशी, फक्त साफ करून द्या."

आता मला कुणी 'शोधू नका' म्हटलं की माझं टाळकं सरकतं. बावीस वर्षं मी लोकांच्या घरातली कार्पेटं धुतेय. कुत्र्यामांजरांच्या मुताचे डाग आणि वास काढणं हे माझं खास काम. मूत म्हणायला लोक लाजतात. फोनवर म्हणतात, जरा ओलं झालंय, जरा सांडलंय. मी सरळ मूत म्हणते, म्हणजे पुढचं बोलणं लवकर आटपतं. आणि या कामात निम्मी मेहनत शोधण्यातच जाते. माझा नवरा म्हणतो, देवानं तुला नाक आणि जीभ दोन्ही जरा सढळ हातानं दिलीत. असतील. नाकावर आमचं पोट चालतं, जीभ फुकटात मिळाली, त्याला मी काय करू?

"बरं," मी म्हटलं. "आरोपी कुठंय?"

ताईंनी ओट्याखाली बोट दाखवलं. जाळीच्या दाराच्या टोपलीत एक काळीकुळकुळीत मांजर पाय पोटाशी घेऊन बसली होती. नाव ठकी, वय नऊ. "चार वाजता माझी नणंद येणारे तिला न्यायला. कायमची," ताई म्हणाल्या, तोंड फिरवलं आणि सिंकचा नळ सोडला. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं.

मी घड्याळ बघितलं. साडेअकरा.

तेवढ्यात त्यांचे यजमान आले. माणूस वाईट नव्हता, पण हौशी. घरात एखादा हौशी कारागीर असला की माझ्यासारखीचा धंदा बरा चालतो. तीन वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा वरच्या खोलीतलं कार्पेट यांनी स्वतःच्या हातांनी घातलं होतं, ते त्यांनी मला पहिल्या मिनिटात सांगितलं. दुसऱ्या मिनिटात त्यांचं मशीन दाखवलं. वाफेचं. नवं कोरं.

"दर रविवारी धुतो," ते म्हणाले. "आधी गरम वाफ, मग अमोनियाचा क्लीनर, मग सुगंधी फवारा. सोमवारी खोली झकास. मंगळवारी बघावं तर पुन्हा डाग, पुन्हा वास! मी हिला सांगितलं, एक तर हे मांजर राहील नाही तर हे कार्पेट."

"अमोनिया? अहो, मुताचा वासच मुळी अमोनियाचा. तुम्ही तोच वर ओतताय आणि म्हणताय वास का येतो! जनावराला वाटतं, इथं कुणीतरी आधीच करून गेलंय, चला आपणही करू."

"म्हणजे म्हणूनच ठकी पुन्हा पुन्हा करते?" त्यांचा चेहरा उजळला. जावईशोध म्हणतात तो हाच. मी सामान उचललं आणि जिना चढले.

वरची खोली तशी छान होती. एक पलंग, एक आरामखुर्ची, कपाट, मोठी खिडकी, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट राखाडी कार्पेट. पलंगाच्या उशाशी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, व्हिटॅमिनच्या पिवळ्या गोळ्या, आणि हवेत गार वाफ सोडत फुसफुसणारं एक छोटं यंत्र. मी दारातच थांबून नाक लावलं. सगळ्यात वर सुगंधी फवारा, त्याखाली अमोनिया, आणि अगदी तळाशी एक जुना, कोरडा, धुळकट वास. मांजराच्या ताज्या मुताचा वास असा येत नाही. तो डोळ्यांत झोंबतो.

खुर्चीतून एक म्हातारे गृहस्थ उठले. ताईंचे वडील. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. त्यांनी आधी जिन्याकडे बघितलं, मग दार हळूच लावून घेतलं.

"बाई, तुमच्याकडे तो निळा टॉर्च असतो ना? अंधारात डाग दाखवणारा?"

"असतो की. तुम्हाला कसं ठाऊक, काका?"

"वाचलं. चार महिने दुसरं काय करतोय मी?" ते पुन्हा बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. "मला एवढंच सांगा. यातले माझे किती?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "तुमचे?"

"माझे. मी इथं राहायला आलो चार महिन्यांपूर्वी, आणि डाग सुरू झाले तेही तेव्हापासूनच. मांजर या घरात तीन वर्षं आहे, तिनं आधी कधी घाण केली नाही. मग मधे नवीन काय आलं? मी आलो." ते हे अगदी शांतपणे, दुसऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत होते. "मी झोपेत उठून करतो आणि सकाळी मला आठवत नाही, असं असेल तर मला कळलं पाहिजे. डोकं चाललं असेल तर चाललं म्हणून सांगा. आणि माझे नसतील, तर त्या मुक्या जिवाला चार वाजता घराबाहेर काढायचं कशासाठी?"

त्यांनी आयुष्यभर वजनमापं तपासायची नोकरी केली होती. दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासायचे. तसा माणूस नुसता घाबरून गप्प बसणार थोडाच? त्यांनी प्रयोग केले होते. झोपताना पलंगाभोवती वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी कागद कोरडे आणि खिडकीखाली डाग! मग जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरवली, पावलं उमटतात का बघायला. उमटली ती ठकीची, पलंगापर्यंत येऊन संपलेली; ती त्यांच्या पायाशी झोपली होती. त्यांची स्वतःची पावलं सरळ बाथरूमपर्यंत जाऊन सरळ परत आलेली.

"मग झालं की! पावलं तर खिडकीकडं गेलीच नाहीत."

"एका दिवसाचं झालं. पण एका दिवसाच्या तपासणीवर मी कधी कुणाला पास केलं नाही."

"आणि ताईंना विचारलंत?"

"काय विचारू? 'तुझ्या घरात मी मुततो का गं?' असं?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आधी मला सांगायचं. फक्त मला. आणि खरं सांगायचं, गोड नाही."

"गोड बोलायला मला येतच नाही. माझ्या घरी विचारा."

"आणखी एक. माझ्याकडे एक गोष्ट आहे, ती मी आत्ता तुम्हाला सांगणार नाही. तुमचा काटा बरोबर आहे का ते मला आधी बघायचंय."

म्हणजे माझीच परीक्षा! एरवी मी सामान उचलून चालू लागले असते. पण खरं सांगायचं तर मलाही आता चैन पडत नव्हती. कागद कोरडे आणि डाग नवा, आणि तोही नेमका मंगळवारी, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पडदे ओढले, फटीत चादर खोचली, वाफेचं यंत्र बंद केलं आणि टॉर्च लावला.

डाग निघाले पाच. एक दाराच्या चौकटीपाशी, दोन खिडकीखाली, एक कपाटाच्या पायाला लागून. हे चारही मळकट पिवळे, कडेला वळं धरलेले. पाचवा पलंगाच्या कडेला होता, अर्धा बाहेर, अर्धा पलंगाखाली. बाहेरचा अर्धा पुसट. पलंगाखालचा मात्र चक्क हिरवट पिवळा चमकत होता. काका चिकटपट्टीचे तुकडे फाडून देत होते, मी एकेका डागाशी लावून आकडे घालत होते.

पाचव्याचा रंग बघून मी उशाशी ठेवलेल्या औषधांकडे एक नजर टाकली आणि जीभ दातांखाली धरली. मला ते फार जड जातं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"आत्ताच काही नाही. आधी नाक."

मी पालथी पडले. वास एकदम ओढायचा नसतो, तसं केलं की नाक लगेच बधिर होतं. दोन बोटांनी लोकर उलगडायची, तोंडानं श्वास सोडायचा, मग नाकानं जरासाच घ्यायचा, आणि मधे आपल्याच बाहीचा वास घेऊन नाक ताळ्यावर आणायचं. काकांनी सगळं नीट बघून घेतलं आणि गुडघ्यांवर हात देत तेही खाली उतरले.

"अहो काका, तुम्ही कशाला?"

"बघू द्या की. तिसऱ्या नंबरला वास कसला येतो तुम्हाला?"

"जुनं पोतं."

त्यांनी नाक लावलं, विचार केला. "पोतंच. पण ओलावून वाळवलेलं."

"शाब्बास! नोकरी चुकली तुमची."

आम्ही दोघं असे खिडकीखाली ढोपरांवर रांगत असताना दार उघडलं आणि ताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या. वडील चार पायांवर, नाक कार्पेटला. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"बाबा, उठा. उठा आधी." ट्रे ठेवून त्यांनी काकांना हात दिला, आणि माझ्याकडे वळल्या. "मी सांगितलं होतं ना मावशी, शोधायचं नाही म्हणून? मांजराचंच आहे. तुम्ही साफ करा आणि मोकळ्या व्हा."

त्या गेल्या तशी माझी कानशिलं तापली. सारखं मांजर, मांजर, मांजर! मला वाटलं, या बाईला ते जनावर नकोसं झालंय आणि तिला निमित्त हवंय. चोर सोडून संन्याशाला फाशी. नऊ वर्षं पाळायचं, मांडीवर घ्यायचं, आणि कार्पेटापायी हाकलायचं. काका समोर नसते तर मी जिन्यातूनच ओरडले असते.

त्या रागातच मी पकड काढली. कार्पेट कडेनं एका खिळ्यांच्या पट्टीत अडकवलेलं असतं. खिडकीच्या कोपऱ्यात पकडीनं धरून ओढलं तर ते कटकट आवाज करत सुटलं. पट्टीचे खिळे गंजून लाल झालेले. कार्पेट दुमडलं आणि खालचा फोम उघडा पडला.

वास आला तो असा की काका दोन पावलं मागं सरकले.

फोम जुनाट, कुसकरला तर पीठ होईल असा. त्यावर तपकिरी डाग, वर दिसत होता त्याच्या तिप्पट मोठा. आणि त्या डागावरून एक रुपेरी टेप गेलेली, फाटलेला फोम जोडायला कुणीतरी सरळ पट्टीसारखी लावलेली. मी टेपकडे बघितलं, डागाकडे बघितलं. परत टेपकडे. डाग टेपच्या या बाजूला होता आणि त्या बाजूलाही होता, पण टेप वरून स्वच्छ.

"काका, तुमच्या जावयांना हाक मारा."

ते आले. मी विचारलं, "हा फोम तुम्ही घातलात?"

"फोम नाही हो. फोम घराबरोबर आलेला. चांगला होता, मऊ. म्हटलं चांगली वस्तू कशाला टाका? फाटला होता तिथं टेप मारली आणि वर नवं कार्पेट."

"टेप कधी मारली?"

"त्याच दिवशी. तीन वर्षं झाली की."

मी नखानं टेपचं टोक उचललं आणि सर्रकन ओढली. टेपखाली डाग तसाच सलग, गडद, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. टेपच्या चिकट बाजूला केस चिकटले होते. आखूड, जाड, पांढरे.

तिघंही त्या केसांकडे बघत राहिलो.

"ठकी काळी आहे," काका हळूच म्हणाले.

"आणि टेप डागाच्या नंतरची," मी म्हटलं. "आधीच्या मालकांकडे कुत्रा होता का हो?"

जावयांनी डोक्याला हात लावला. "होता. पांढरा. घर बघायला आलो तेव्हा भुंकून भुंकून जीव खाल्ला होता. याच खोलीत कोंडला होता त्याला." मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे मी…"

"म्हणजे तुम्ही कुत्र्याच्या मुतावर नवं कार्पेट अंथरलंत. हौसेनं."

"पण मग तीन वर्षं वास का नाही आला?" हे काकांनी विचारलं. बरोबर प्रश्न. माणूस घाबरलेला असला तरी डोकं चालत होतं.

"ही खोली तीन वर्षं कशाला वापरत होता?"

"अडगळीला," जावई म्हणाले. "बंदच असायची."

"तेच. मूत वाळलं की त्यातलं पाणी उडून जातं, खार मागे राहतो. कोरडा आहे तोवर तो निपचित पडून असतो. त्याला ओल लागली की उठून बसतो. चार महिन्यांपूर्वी काका आले. काकांच्या कोरड्या खोकल्यासाठी हे वाफेचं यंत्र आलं. थोडा वास सुटला. मग तुम्ही आलात तुमचं मशीन घेऊन! दर रविवारी बादलीभर गरम पाणी खाली. ते फोमपर्यंत जातं, खार विरघळवतं, आणि कार्पेट वाळायला लागलं की तेच पाणी लोकरीच्या धाग्यातून वर चढतं. शेंड्याला येऊन वाळतं. झाला मंगळवारचा डाग. हे बघा, धाग्याचा शेंडा तपकिरी आणि बूड पांढरं. वरून कुणी केलं असतं तर उलटं दिसलं असतं."

"म्हणजे मी जितका धूत होतो…"

"तितके डाग तुम्हीच वर बोलवत होता. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

दाराजवळ आणि कपाटापाशीही कडा उचलून बघितलं. तेच. फोमवर जुने डाग, खाली जमिनीच्या लाकडी फळ्यांवर काळी वर्तुळं, पांढरे केस. चार डागांचा निकाल लागला. जावई शरमेनं लाल झाले होते, पण वाकून वाकून बघत होते. त्यांना आता त्यात रस वाटू लागला होता.

"आणि पाचवा?" त्यांनी विचारलं. "पलंगाजवळचा?"

काकांनी श्वास घेतला तो मला ऐकू आला.

"तो अजून बघायचाय," मी म्हटलं. "तुम्ही खाली जा आणि घरात असेल तितका खायचा सोडा आणा. आणि कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या. हा सगळा फोम कापून टाकायचाय. लाकडावर माझं औषध मारून, ते वाळलं की वरून वास कोंडून ठेवणाऱ्या सीलरचा हात द्यायचा. जा, जा."

ते गेले. दार मीच लावलं. आम्ही दोघांनी मिळून पलंग सरकवला. या बाजूच्या भिंतीचा कोपरा सोडवून कार्पेट मागं दुमडलं. खाली फोम स्वच्छ. कार्पेटच्या पाठीवर एक फिकट सावली, हाताच्या पंजाएवढी, बस.

"पाचवा तुमचा आहे, काका."

ते पलंगावर बसले. "कशावरून?"

"तुम्ही त्या पिवळ्या गोळ्या घेता ना, व्हिटॅमिनच्या? त्या घेणाऱ्या माणसाचं या टॉर्चमध्ये असं हिरवट चमकतं. मांजरांना कुणी त्या गोळ्या देत नाही. बाहेरचा भाग मशीननं धुतला गेला, पलंगाखाली मशीन पोचलं नाही, म्हणून तिथं राहिलं. आणि हे फक्त वर आहे, फोमपर्यंत गेलेलं नाही. म्हणजे लगेच टिपलंय. घासून नाही, दाबून. टॉवेलनं, बहुतेक. एकदाच झालंय. तीन-चार महिन्यांपूर्वी."

"एकदाच? नक्की?"

"दुसऱ्यांदा झालं असतं तर एकावर एक दोन वळं दिसली असती. एकच आहे."

त्यांनी चष्मा काढला. मग तो शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, नको तितका वेळ.

"बरोबर," ते शेवटी म्हणाले. "तुमचा काटा बरोबर आहे. इथं आल्यावर दुसऱ्या आठवड्यात. खोकल्याचं औषध घेऊन झोपलो होतो, उठेउठेपर्यंत झालं. टॉवेल दाबला, सकाळी तो कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकला. तीच गोष्ट मी तुम्हाला सांगत नव्हतो. तेवढी एकच मला आठवते."

"आणि तेवढी एकच आहे."

"तेवढी एकच आहे," ते म्हणाले. मग त्यांना हसू आलं, खांदे हलायला लागले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना ते हसत राहिले. "म्हणजे जितकं केलं तितकं आठवतंय! हिशेब जुळला, बाई!" मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाठीवर हातमोज्यासकट थाप मारली.

मग ते उठले, दार उघडलं आणि हाक मारली, "अगं, वर ये. आत्ता ये."

ताई आल्या. उघडा पडलेला फोम, सरकवलेला पलंग, रडलेले वडील. त्यांनी आधी माझ्याकडे जळजळीत बघितलं.

"हे बघ," काका म्हणाले. एका हातानं पलंग धरला होता, पण सरळ उभे होते. "हा पलंगाजवळचा एक, तो माझा. बाकीचे चार आधीच्या लोकांच्या कुत्र्याचे. ठकीचा यात एकसुद्धा नाही."

ताई बघतच राहिल्या. "एकच?"

"एकच म्हणजे?"

"बाबा," ताई म्हणाल्या, "मला वाटलं सगळे तुमचे."

"सगळे?" काका म्हणाले. "पाचही? खिडकीखालचेसुद्धा? अगं, मी काय गळका नळ आहे?"

"तुम्ही टॉवेल मशीनमध्ये टाकलात तो मी बघितला. मग रोज वर्तमानपत्रं. मग एकदा सगळ्या खोलीभर पावडर! मला काय वाटणार? मला वाटलं तुम्हाला कळतंय, आणि तुम्हाला लाज वाटतेय, आणि तुम्ही सांगणार नाही. यांनी मांजराचं नाव घेतलं. मी घेऊ दिलं."

"आणि ठकीला देऊन टाकणार होतीस? माझ्यासाठी?"

"मग काय करू?" ताई रडायलाच लागल्या. "तिचं नाव घेतलं तर तिला लाज वाटत नाही ना बाबा! तुमचं घेतलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी बॅग भरून निघाला असता."

मी खाली बसून उगाचच फोम कापायला लागले. तासाभरापूर्वी याच बाईला मी मनात काय काय म्हटलं होतं! उचलली जीभ लावली टाळ्याला, मग ती मनातल्या मनात का असेना. मला माझीच भयंकर लाज वाटली.

"बॅग भरली असती," काका म्हणाले. "बरोबर ओळखलंस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण वेडे, मला विचारायचं तरी."

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

"नाही सांगितलं," त्यांनी कबूल केलं. "सांगवेना."

दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसली, पाय जरा उचलून, कारण खाली कार्पेट दुमडलेलं होतं. जावयांनी दारातून सरकवलेल्या पिशव्यांत मी फोमचे तुकडे कोंबले. लाकडावरच्या काळ्या वर्तुळांवर माझं औषध ओतलं. त्यातले जंतू मुताचा खारच खाऊन टाकतात, पण त्यांना ओल लागते आणि वेळ लागतो, घाई केली की काम फुकट, हे मी ताईंना सांगितलं आणि त्यांनी नाक ओढत ऐकून घेतलं. पलंगाजवळच्या डागालाही औषध लावलं, ओलं फडकं झाकलं. वाफेचं यंत्र चार दिवस खालच्या खोलीत न्यायचं ठरलं, काकाही त्याच्याबरोबर. मग उद्या येते, परवा सीलर, असं आमचं बोलणं चाललं असताना खालची बेल वाजली.

चार.

"मी सांगते त्यांना," ताई डोळे पुसत उठल्या. "काहीतरी सांगते. कार्पेटवाल्या मावशींनी दुसरं कारण शोधलं म्हणते."

"तू थांब," काका म्हणाले.

त्यांनी वरची गुंडी लावलेलीच होती, तरी हात लावून बघितली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. ताई माझ्या शेजारी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. त्यांनी माझा हात धरला, औषधानं बरबटलेल्या मोज्यासकट. खाली दारात नणंद उभी होती, मांजरासाठी घडी केलेला टॉवेल हातात घेऊन. जावई बाजूला, दाराची कडी धरून.

"या," काका म्हणाले. आवाज असा खणखणीत, तपासणीला दुकानात शिरताना निघत असेल तसा. "ठकी कुठं जाणार नाही. तिनं काही केलेलं नाही. वरच्या खोलीत एकदा ओलं झालं, ते माझ्याकडून झालं. बाकीचं जुन्या कुत्र्याचं, ते जावईबापू दाखवतील. या, आत या. बाहेर का उभ्या?"